एका नावाखालची बिऱ्हाडं

आज काही बांधायचं नाही. टर्मिनल उघडा आणि डॉकर शिकताना पहिल्या दिवशी दिली होती तीच आज्ञा पुन्हा द्या: डॉकर रन हॅलो-वर्ल्ड. पाइपलाइन, रिलीजची तारीख, लाल झालेला बिल्ड हे सगळं थोडा वेळ बाजूला राहू द्या. एक इमेज मागवायची, ती काय म्हणते ते वाचायचं आणि मग तिच्या आत एकेक पायरी उतरत जायचं, एवढाच बेत. जिथे थांबा म्हणेन तिथे खरंच थांबा.

पडद्यावर मजकूर आला. आधी स्वागत, मग हे स्वागत तुमच्यापर्यंत कसं पोचलं त्याचे चार टप्पे. दुसऱ्या टप्प्यात लिहिलंय की डॉकरच्या डेमनने डॉकर हबवरून ही इमेज ओढून आणली. त्याच्याच खालच्या ओळीत, कंसात, एक लहानसा शब्द आहे. बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. तोवर 'चाललं एकदाचं' म्हणून खिडकी बंद झालेली असते. इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर तिथे एएमडी६४ दिसतं. ॲपलच्या एम-मालिकेतल्या लॅपटॉपवर आर्म६४व्ही८.

त्या शब्दापाशी थांबा.

प्रोग्रामने तुमच्या यंत्राची चौकशी केली आणि उत्तर छापलं, असं वाटतं. तसं नाही. हा शब्द कंपाइल करतानाच त्याच्या पोटात घालून ठेवलेला आहे. एएमडी६४ म्हणणारी फाइल वेगळी, आर्म६४व्ही८ म्हणणारी वेगळी. तुम्ही आणि शेजारच्या टेबलावरची सहकारी, दोघांनी अक्षर न अक्षर सारखी आज्ञा दिली, आणि दोघांच्या डिस्कवर दोन निराळ्या वस्तू उतरल्या. आज फिरायचं आहे ते एवढ्याच गोष्टीभोवती.

आता नावाकडे या. हॅलो-वर्ल्ड हे इमेजचं नाव आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ते एका यादीचं नाव आहे. डॉकरवाले तिला मॅनिफेस्ट लिस्ट म्हणत आले, कंटेनरांची मानकं ठरवणाऱ्या ओसीआयच्या २०१७ साली आलेल्या मानकात ती इमेज इंडेक्स झाली. पेठेतल्या जुन्या वाड्यासारखा हा प्रकार: पत्ता एकच, आत बिऱ्हाडं अनेक, आणि कुठल्या जिन्याने वर जायचं ते दिंडीदरवाजातून आत शिरल्यावर ठरायचं. यादी स्वतः उघडून बघा. डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट, पुढे इमेजचं नाव, आणि कच्चा मजकूर हवा म्हणून रॉ हा फ्लॅग. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी बघायच्या आहेत: डायजेस्ट, आकार आणि प्लॅटफॉर्म. लिनक्स आणि एएमडी६४. लिनक्स आणि आर्म६४. ३२-बिट आर्म, त्यातही व्ही५ वेगळा आणि व्ही७ वेगळा. आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी एस३९०एक्स. पॉवरसाठी पीपीसी६४एलई. रिस्क-व्ही. खाली विंडोजचीही एखाद-दुसरी नोंद. मध्येच 'अननोन/अननोन' असं काही दिसलं तर दचकू नका. ती इमेज नसते, इमेज कुठे आणि कशी बांधली याचा दाखला असतो. नवा बिल्डएक्स तो आपणहून जोडतो आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याची झोप उडवतो.

दोन नोंदींचे डायजेस्ट शेजारी ठेवा. शा-२५६ची ६४-६४ अक्षरं. आतला एक बाइट बदलला तरी जवळपास सगळी अक्षरं पालटतात, त्यामुळे या दोन आकड्यांत एकमेकांचं काहीच दिसत नाही. नातं आहे ते यादीपुरतं. कुणीतरी दोघांना एका नावाखाली आणून ठेवलं, इतकंच. आणि यादीलाही स्वतःचा डायजेस्ट असतो. डॉकरफाइलमध्ये बेस इमेज डायजेस्टने बांधून टाकताना यादीचा घेतला की एका प्लॅटफॉर्मचा, हे नीट बघावं लागतं. एका प्लॅटफॉर्मचा घेतला तर बाकीची बिऱ्हाडं तुमच्यापुरती उठून गेली.

मग निवड कोण करतं? रजिस्ट्री नाही. तिला तुमचा प्रोसेसर कुठला ते ठाऊक नसतं आणि तिने विचारलेलंही नसतं. तुमच्या बाजूचा डेमन यादी मागवतो, आपण कुठल्या यंत्रावर बसलो आहोत ते त्याला माहीत असतं, त्याप्रमाणे तो एक ओळ निवडतो आणि तिचा डायजेस्ट घेऊन पुन्हा रजिस्ट्रीकडे जातो. काही जुन्या क्लायंटना यादी हा प्रकारच समजत नसे. त्यांच्यापुढे रजिस्ट्री मुकाट्याने लिनक्स-एएमडी६४ची इमेज ठेवायची. काहीच सांगितलं नाही तर माणूस एएमडी६४चाच असणार, हा त्या काळचा हिशेब. तो चुकीचा होता असंही नाही.

आता एक पायरी खाली.

इमेजमधला प्रत्येक लेअर म्हणजे शेवटी एक टार फाइल. हॅलो-वर्ल्डच्या लिनक्स इमेजमध्ये एकच लेअर आहे आणि त्यात एकच फाइल. तिची डॉकरफाइल तीन ओळींची: स्क्रॅचवरून सुरुवात, एक कॉपी, एक आज्ञा. ना शेल, ना लायब्ररी. म्हणून तर मननाला ती बरी. बघण्यासारखं एकच काही उरतं. ती फाइल हेक्सडंपमध्ये उघडा. पहिला बाइट ७एफ. पुढचे तीन म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरं. लिनक्सवर चालणारी जवळपास प्रत्येक बायनरी अशीच सुरू होते. मोजत मोजत एकोणिसाव्या आणि विसाव्या बाइटपाशी या.

थांबा. इथे लिहिलंय ही फाइल कुणाची ते.

३ई ०० असेल तर एएमडी६४. बी७ ०० असेल तर आर्म६४. एफ३ ०० असेल तर रिस्क-व्ही. एस३९०एक्सच्या फाइलमध्ये हेच दोन बाइट ०० १६ असे दिसतात. तिथे शून्य आधी आलंय, कारण ते यंत्र आकड्याचं मोठं टोक आधी लिहितं. फाइलच्या सहाव्या बाइटमध्ये तशी नोंदही आहे. तुमची आज्ञा मिळाल्यावर कर्नेल बघतो ते हे दोन बाइट. जुळले तर पुढे. नाही जुळले तर 'एक्झेक फॉरमॅट एरर', आणि त्यापुढे एक शब्द नाही. प्रोसेसर चुकला, इमेज दुसऱ्याची आणली, असं काही तो सांगत बसत नाही. हा निरोप पहिल्यांदा वाचणारा माणूस हमखास स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत चूक शोधत बसतो. कधीकधी ती तिथे असतेही, म्हणून तर जास्त वेळ जातो.

आणखी एक पायरी, शेवटची. फंक्शन संपलं, जिथून आलो तिथे परत जा, एवढी एकच सूचना घ्या. एएमडी६४वर तिचा एक बाइट होतो: सी३. आर्म६४वर चार बाइट: सी० ०३ ५एफ डी६. एएमडी६४ची सूचना एका बाइटपासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकते. आर्म६४ची प्रत्येक सूचना चारच बाइटांची. मूळ सी प्रोग्राममध्ये दोघांची ओळ एकच होती. कंपाइलरच्या हाताखालून गेल्यावर तिचं एकही चिन्ह दोघांत समान राहिलं नाही. याच्या खाली आता फक्त सिलिकॉन आहे. तिथवर आपण जात नाही.

या तळाशी थोडं बसू. एक गोष्ट इथूनच नीट दिसते. कंटेनर आपल्याबरोबर सगळं घेऊन येतो असं आपण नवशिक्यांना सांगतो: लायब्ररी, कॉन्फिग, पायथनची नेमकी आवृत्ती. दोन गोष्टी तो आणत नाही, कर्नेल आणि प्रोसेसर. व्हर्च्युअल मशीन निदान कर्नेल तरी स्वतःचा आणतं. कंटेनर दोन्हीसाठी यजमानावर अवलंबून. डॉकर २०१३च्या मार्चमध्ये जगासमोर आला तेव्हा ही अट कुणाला खुपली नाही, कारण सर्व्हर म्हणजे लिनक्स आणि लिनक्सचा सर्व्हर म्हणजे एएमडी६४, असंच व्यवहारात झालेलं होतं. एएमडीने ही रचना ऑप्टेरॉनमधून २००३मध्ये बाजारात आणली, इंटेलने पुढच्याच वर्षी तीच उचलली, आणि दहा वर्षांत बाकीचे बहुतेक सगळे सर्व्हर रूममधून हद्दपार झाले. 'माझ्या लॅपटॉपवर चालतं ते सर्व्हरवर चालेल' हे डॉकरचं आश्वासन खरं ठरलं त्यात डॉकरच्या हुशारीचा वाटा होताच. पण लॅपटॉप आणि सर्व्हर एकाच जातीचे होते, याचा वाटा आपण कधी धरला नाही.

त्याआधीच्या लोकांना हा भ्रम नव्हता. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ला सिस्टिम/३६० जाहीर केली तेव्हा लहानमोठ्या यंत्रांना एकच सूचनासंच दिला, हीच केवढी नवलाई होती. आपल्या यादीतला एस३९०एक्स त्याच घराण्यातला. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा परम ८००० ट्रान्सप्यूटरवर उभा होता, पुढे परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर आला आणि परम युवा इंटेलच्या झिऑनवर. यंत्राची पिढी बदलली की प्रोग्राम नव्याने कंपाइल करून, पुन्हा तपासून घ्यायचा, हे त्या मंडळींना वेगळं सांगावं लागत नसे. आपल्या पिढीला सांगावं लागतं, कारण आपण त्या दहा-बारा निवांत वर्षांत वाढलो.

निवांतपणा मोडला तो दोन बाजूंनी. २०१८च्या अखेरीस ॲमेझॉनने स्वतःचे आर्म सर्व्हर, ग्रॅव्हिटॉन, भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि महिन्याचं बिल बघणाऱ्यांचे कान टवकारले. २०२०च्या नोव्हेंबरात ॲपलचा एम१ आला आणि डेव्हलपरांच्या मांडीवरचा प्रोसेसरच बदलला. लॅपटॉपवर बांधलेली इमेज सर्व्हरवर टाकली की पॉड उठतो, पडतो, पुन्हा उठतो, हा अनुभव त्यानंतर घराघरांत पोचला. तोवर हे दुखणं फक्त रास्पबेरी पायवाल्यांचं होतं आणि त्यांची तक्रार कुणी मनावर घेत नव्हतं.

उतरून झालं. आता बांधणाऱ्याच्या बाजूने वर चढू.

सर्वांत सोपा दिसणारा रस्ता असा: बिल्डएक्सच्या प्लॅटफॉर्म फ्लॅगला लिनक्स/एएमडी६४ आणि लिनक्स/आर्म६४ ही दोन नावं मध्ये स्वल्पविराम देऊन लिहायची. 'एक फ्लॅगच तर वाढवायचा आहे,' असं स्टँडअपमध्ये म्हणतात ते हेच. पण जरा विचार करा. बांधणारं यंत्र एएमडी६४चं आहे. आर्मच्या बाजूच्या डॉकरफाइलमध्ये एपीटी-गेट इन्स्टॉल लिहिलंय, ती एपीटी-गेट आर्मची बायनरी आहे, तिचा एकोणिसावा बाइट बी७ आहे. मग या यंत्रावर ती चालते कशी?

उत्तर कर्नेलमध्ये आहे आणि ते डॉकरपेक्षा कितीतरी जुनं आहे. बिनफमट-मिस्क नावाची सोय नव्वदच्या दशकापासून लिनक्समध्ये आहे. तिच्याकडे नोंद करून ठेवता येते: फाइलचे पहिले बाइट असे असे असतील तर ती अमक्या प्रोग्रामच्या हवाली कर. इथे तो प्रोग्राम म्हणजे क्यूएमू, फाब्रिस बेलार यांनी २००३मध्ये बाहेर काढलेला एम्युलेटर. क्यूएमू आर्मच्या सूचनांचा एक तुकडा उचलतो, यजमानाच्या सूचनांत त्याचं भाषांतर करतो, ते जपून ठेवतो, चालवतो, पुढचा तुकडा उचलतो. नोंद करताना एक खास खूण दिली की कर्नेल क्यूएमूची फाइल तेव्हाच उघडून हाताशी ठेवतो. मग कंटेनरच्या आत क्यूएमू नसला तरी अडत नाही. डॉकरफाइलला यातल्या कशाचा पत्ता नसतो. परकी बायनरी उठते, चालते, संपते. इतकं नेटकं काम क्वचित बघायला मिळतं, आणि ते ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

किंमत वेळात मोजावी लागते. कॉपी, दोन-चार पॅकेजेस, इतकंच असेल तर जाणवत नाही. कंपाइलर मध्ये आला की जाणवतं. पायथनचं एखादं पॅकेज घ्या. आर्म६४साठी आयतं व्हील ठेवलेलं असेल तर काही सेकंदांचं काम. नसेल तर पिप मूळ सोर्स उतरवतो, जीसीसी सुरू होतो, आणि तो जीसीसी स्वतःच आर्मचा असल्यामुळे त्याच्या एकेका सूचनेचं भाषांतर होऊ लागतं. चहा पिऊन या. जेवूनही या. परत आल्यावर तीच ओळ दिसली तर बिल्ड अडकलाय असं समजून मारू नका. तो चालू असतो.

दुसरा रस्ता क्रॉस कंपाइलचा. कंपाइलर यजमानाचा ठेवायचा, पूर्ण वेगाने पळणारा, आणि त्याच्याकडून माल मात्र परक्या प्रोसेसरचा काढून घ्यायचा. डॉकरफाइलच्या पहिल्या टप्प्यात बेस इमेज बिल्डप्लॅटफॉर्मची घ्या, आत टार्गेटआर्क या व्हेरिएबलमध्ये काय आलंय ते कंपाइलरला सांगा, शेवटच्या टप्प्यात फक्त तयार बायनरी कॉपी करा. गोमध्ये सीगो बंद असेल तर हे काम दोन व्हेरिएबल्सवर भागतं. सी आणि सी++मध्ये दुसऱ्या प्रोसेसरच्या लायब्ररी, त्यांचे हेडर, सगळा संसार शेजारी मांडावा लागतो. जमतं, पण ज्याने एकदा मांडलाय तोच पुढच्या वेळी हौसेने करतो असं काही नाही.

तिसरा रस्ता सरळ आहे: प्रत्येक प्रोसेसरसाठी खरं यंत्र घ्यायचं, जिथली इमेज तिथे बांधायची, डायजेस्टनिशी ढकलायची आणि शेवटी यादी जोडायची. डेबियनचे लोक वर्षानुवर्षं याच वळणाचे. पॅकेजेस त्या त्या जातीच्या यंत्रावर बांधायची. २०२५च्या डेबियन १३मध्ये रिस्क-व्ही पहिल्यांदा अधिकृत यादीत आला, तोही काही वर्षं बाहेर उभं राहून. आर्मचे सर्व्हर आता तासाच्या भाड्याने कुठेही मिळतात, त्यामुळे आर्म६४पुरतं तरी हा रस्ता महाग आहे असं म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. माझं मत याच बाजूचं आहे, आणि त्याला वेगापेक्षा दुसरंच कारण आहे.

ते कारण कळायला पुन्हा यादीकडे या. एका नोंदीवर बोट ठेवा: प्लॅटफॉर्म, लिनक्स, आर्म६४. हे कुणी लिहिलं? बिल्डएक्सने. कशाच्या आधारावर? तुम्ही फ्लॅगमध्ये तसं म्हणालात म्हणून. आतल्या फाइलचा एकोणिसावा बाइट कुणी उघडून पाहिला? कुणीही नाही. रजिस्ट्रीने नाही, डेमनने नाही. शेवटच्या टप्प्यातही चुकून बिल्डप्लॅटफॉर्म राहिलं, किंवा बायनरी उतरवणाऱ्या एका कर्लच्या पत्त्यात एएमडी६४ हा शब्द तसाच राहून गेला, तर यादीत आर्म६४ लिहिलेली आणि आत ३ई बाळगणारी इमेज तयार होते. बिल्ड हिरवा. पुश हिरवा. ज्याच्याकडे आर्मचं यंत्र आहे त्याच्याकडे ती पहिल्याच क्षणाला कोसळते.

'आम्ही टेस्ट करतो ना,' असं कुणी म्हणेल. कुठे करता ते बघा. ज्या एएमडी६४च्या यंत्रावर बांधता तिथेच क्यूएमूची नोंद केलेली आहे. खरी आर्मची बायनरी असेल तर क्यूएमू तिला चालवतो. चुकून आत आलेली एएमडी६४ची असेल तर यंत्र तिला थेट चालवतं. दोन्ही वेळा टेस्ट पास. परक्याला आपलंसं करणारी ती नेटकी सोयच इथे चूक झाकते. निदान फाइल ही साधी आज्ञा बायनरीवर चालवा. ती तोच बाइट वाचून तुम्हाला माणसाच्या भाषेत सांगते. पण तेवढ्याने लेबलाची शहानिशा झाली. वागणुकीची राहिली.

वागणूक म्हणजे काय, तर हे बघा. सीमध्ये 'चार' (char) हा प्रकार ऋण आकडे धरू शकतो की नाही, हे भाषेने प्लॅटफॉर्मवर सोडलंय. लिनक्सवर एएमडी६४मध्ये तो ऋण होऊ शकतो. आर्म६४मध्ये होत नाही. आता कुणीतरी पूर्वी एक छोटं फिल्टर लिहिलंय: अक्षर ३२पेक्षा लहान असेल तर ते कंट्रोल कॅरेक्टर, टाकून द्या. त्यात इंग्रजी लिपीतलं पुण्याचं नाव घाला. चार अक्षरं, चार बाइट, चारही ३२ आणि १२७च्या मध्ये. दोन्ही यंत्रांवर उत्तर सारखं. आता देवनागरीत 'पुणे' घाला. प, उकार, ण, मात्रा: यूटीएफ-८मध्ये बारा बाइट, पहिला ई० म्हणजे २२४, आणि बाराच्या बारा १२७च्या वर. आर्म६४वर २२४ हे २२४च असतात, पुणे जसंच्या तसं बाहेर येतं. एएमडी६४वर तोच बाइट उणे ३२ होतो, उणे ३२ हे ३२पेक्षा लहान, म्हणून टाकून द्या. बाराही बाइट गेले. पुणे नाहीसं झालं.

इथे जरा जास्त थांबा. दोन्ही इमेजेस एकाच सोर्समधून, एकाच दिवशी, एकाच टॅगखाली गेल्या. दोन्हींची लेबलं खरी. एरर कुठेही नाही. फक्त एकीत मराठी ग्राहकाच्या पत्त्यातलं गाव उरतं आणि दुसरीत उरत नाही. वर गंमत अशी की ॲपलच्या लॅपटॉपवर मॅकओएससाठी कंपाइल केलं तर चार पुन्हा ऋण होतो, कारण ॲपलने आर्मवरही तसंच ठरवलंय. म्हणजे एकाच लॅपटॉपवर कंटेनरच्या बाहेर पुणे गायब आणि आत हजर. इंग्रजीत टेस्ट लिहिणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही. आपल्या टेस्टमध्ये देवनागरीची एक ओळ घालणं हे काही भाषाभिमानाचं काम नाही. तो चोख तांत्रिक उपाय आहे.

हा दोष क्यूएमूवरही सापडतो, कारण तो कंपाइल करतानाच पक्का झालेला असतो. दुसरा एक तिथे सहसा सापडत नाही. दोन थ्रेड घ्या. पहिला आधी माहिती लिहितो, मग 'तयार' असा झेंडा वर करतो. दुसरा झेंड्याकडे डोळे लावून बसलेला. एएमडी६४वर एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते इतरांना दिसतं. आर्मवर, प्रोग्रामरने स्पष्ट मागितल्याशिवाय, तशी हमी नाही. झेंडा आधी दिसू शकतो आणि माहिती मागून. एएमडी६४च्या यंत्रावर आर्मचं एम्युलेशन केलं तर खाली हार्डवेअर शिस्तीचंच असतं, त्यामुळे हा घोटाळा दडून राहतो. खऱ्या आर्मवर, गर्दीच्या वेळी, कधीतरी वर येतो. पानाच्या आकाराचंही तसंच: एएमडी६४वर मेमरीचं पान चार किलोबाइटचं, रास्पबेरी पाय ५च्या नेहमीच्या कर्नेलवर सोळाचं, काही आर्म सर्व्हरांवर चौसष्टचं. चारच्या हिशेबाने बांधलेली जेमॅलॉक लायब्ररी तिथे सुरू होतानाच हात वर करते. आणि पान ठरवतो यजमानाचा कर्नेल, जो इमेजबरोबर येत नाही.

आता श्वास घ्या आणि पुन्हा त्या फ्लॅगकडे बघा. स्वल्पविरामानंतर आणखी एक नाव घालायला दोन सेकंद लागतात. म्हणूनच लोक घालतात. पीपीसी६४एलई, एस३९०एक्स, आर्म व्ही६, सगळी घालून ठेवतात. रीडमीमध्ये रांग छान दिसते. मला हा प्रकार पटत नाही. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्यातरी अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे की तुझ्या यंत्रावर हे चालतं. तो माणूस नाव टाइप करतो, डेमन त्याच्या वतीने ओळ निवडतो, आणि कुठली ओळ निवडली गेली हे त्या माणसाला कळतही नाही. इमेज नसेल तर त्याला सरळ सांगितलं जातं की तुझ्या प्लॅटफॉर्मसाठी काही नाही, आणि तो स्वतः बांधून घेतो किंवा दुसरीकडे जातो. असून चुकीची असेल तर त्याची रात्र जाते.

तेव्हा तुमच्या स्वतःच्या एखाद्या इमेजची यादी आज उघडा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा: ही शेवटची खऱ्या यंत्रावर कधी चालली, आणि कुणी चालवली? आर्म६४ची असेल तर एक आर्म सर्व्हर तासाभरासाठी भाड्याने घ्या, त्यावर क्यूएमूची नोंद नाही याची खात्री करा, इमेज ओढा, देवनागरीतली एक ओळ तिच्यातून पाठवून बघा. ज्या ओळीपाशी उत्तर मिळणार नाही ती पुढच्या रिलीजमध्ये काढून टाका. कुणाला खरंच हवी असेल तर तो इश्यू उघडेल, आणि बहुधा त्याच्याकडे ते यंत्रही असेल.